पोलिसांना मदत करायची, पण कुठपर्यंत?

कवडसा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

आमच्या इमारतीच्या तळघरातून गेल्या आठवड्यात एका शाळकरी मुलीची सायकल चोरीला गेली. पोलिसांत तक्रार दिली, ते येऊन पाहूनही गेले. त्याच रात्री आम्ही पाच-सहा जण कॅमेऱ्यांचं चित्रण उपसायला बसलो. सगळे अक्षरशः झपाटल्यासारखे झालो होतो. तळघरातला कॅमेरा समोर हालचाल झाली तरच टिपतो. त्यात रात्री २ वाजून ५ मिनिटांनी सायकल जागेवर दिसते, २ वाजून २० मिनिटांनी नाही. मध्ये खांब येतो, त्यामुळे नेणारा दिसत नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यात मात्र २ वाजून १२ मिनिटांनी एक माणूस सायकलवरून बाहेर पडतो. डोक्यावर टोपी, पाठीला पिशवी, चेहरा अर्धाच.

सगळे एकदम ओरडलो, "सापडला!" एकाने त्या चित्रावर लाल वर्तुळ काढलं, खाली 'चोर' असं लिहिलं आणि ते सगळ्या ग्रुपवर टाकायला निघाला. मी त्याचा हात धरला आणि सकाळी आधी पोलिसांना दाखवू म्हटलं. त्यावरून जोरदार वाजलं. "एका सायकलीसाठी पोलीस किती धावणार? आपणच शोधायला हवं," असं बाकीच्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक आहे असंही मला वाटत नाही.

सामान्य माणसाने तपासात किती उतरावं? जगात अशा लोकांनी मोठमोठे गुन्हे उलगडलेत असं वाचलंय. तुमचे अनुभव सांगा. आणि मी थांबवलं ते बरोबर केलं का, तेही सांगा.

निशिगंध_७
बरोबर केलंत. पहिला नंबर माझा.

शब्दवेडा
विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोठा माणूस टॉड मॅथ्यूज. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात विहिरी खोदणाऱ्या एका माणसाला रस्त्याकडेला तंबूच्या कापडात गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. ओळख पटेना. तिला 'टेंट गर्ल' म्हणून पुरलं, थडग्यावरही तेच कोरलं. पुढे या विहीरवाल्याच्या मुलीशी टॉडचं लग्न झालं. टॉड टेनेसीतला कारखान्यात काम करणारा मुलगा. सासऱ्यांकडून ही हकिगत ऐकली आणि ती त्याच्या मनातून जाईना. कित्येक वर्षं जुनी वर्तमानपत्रं चाळली. मग इंटरनेट आलं, आणि १९९८ मध्ये रात्री शोधताना त्याला एका बाईने आपल्या बहिणीविषयी टाकलेली नोंद दिसली. बहीण १९६७ च्या अखेरीपासून बेपत्ता, शेवटची त्याच भागात दिसलेली. टॉडने अधिकाऱ्यांना कळवलं, थडगं उघडलं, डीएनए जुळला. तीस वर्षांनी त्या मुलीला तिचं नाव परत मिळालं.

यात टॉडने कुणावर बोट ठेवलं? कुणावरही नाही. खून कुणी केला हे त्याने सांगितलंच नाही. ती कोण होती एवढंच तो शोधत राहिला. मला या गोष्टीतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

बाभूळबन
शब्दवेडा, सुंदर लिहिलंत. अंगावर काटा आला. 'तिला तिचं नाव परत मिळालं' हे वाक्य डोक्यात राहील.

आडवाट
मी थोडा उलट बोलतो. फोटो लोकांपुढे ठेवण्याला सरसकट वाईट म्हणू नका. १९८५ चा ऑगस्ट आठवा. लॉस एंजेलिसमध्ये रात्री घरात घुसून खून करणारा रिचर्ड रामिरेझ मोकाट होता. त्याचा फोटो वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर झळकला. दुसऱ्याच दिवशी लोकांनी त्याला रस्त्यात ओळखलं, पाठलाग केला आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. फोटो बाहेर आला नसता तर आणखी किती जीव गेले असते? लोकांच्या डोळ्यांत ताकद असते, ती वापरायला हवी.

उंबरठा
आडवाट, तुमचंच उदाहरण नीट बघा. तो फोटो कुणी दिला? पोलिसांनी. कधी? चोरीच्या गाडीत मिळालेला बोटाचा ठसा त्याच्या ठशाशी जुळल्यावर. आधी पुरावा, मग नाव, मग फोटो. कवडसाच्या इमारतीत आधी फोटो, मग 'चोर' हा शिक्का. पुराव्याचा पत्ताच नाही.

आता दुसरं उदाहरण. एप्रिल २०१३, बोस्टन मॅरेथॉनचे स्फोट. एका मोठ्या चर्चास्थळावर हजारो लोक गर्दीचे फोटो चाळायला लागले. कुणाच्या पाठीवर काळी पिशवी, कोण कुठे बघतंय, सगळ्यावर लाल वर्तुळं. त्यातून एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव पुढे आलं आणि रात्रीत जगभर गेलं. त्याचे घरचे आधीच त्याला शोधत होते, आणि त्यांच्यावरच लोक तुटून पडले. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. त्या संकेतस्थळाच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. त्या मुलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुरेसं लिहून झालंय ते.

आडवाट
उंबरठा, पुरावा आधी हा मुद्दा मान्य. पण पोलिसांना कळवून लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसतात, त्यांनी काय करायचं? त्यांच्या तळमळीला काही किंमत आहे की नाही?

गोधडी
किंमत आहे. पण चुकीची किंमत कोण मोजतं तेही ऐका.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचा फोटो असाच फिरला. एका मुलाला रस्ता सांगायला तो थांबला, दोन मिनिटं बोलला. पलीकडून कुणीतरी फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'हा मुलांच्या मागावर असतो, सावध राहा.' तासाभरात तो फोटो आमच्याच नात्यातल्या ग्रुपवर आला. आई चहा गाळत होती, फोन बघितला आणि गाळणी हातातच राहिली. पोलिसांनी दोन दिवसांत शहानिशा करून काही नसल्याचं लेखी दिलं. तो कागद आम्ही कुणाकुणाला दाखवणार? फोटो ज्या वेगाने पळाला त्या वेगाने तो कागद कधीच पळाला नाही. भाऊ आजही अनोळखी मुलाने काही विचारलं तर उत्तर न देता पुढे जातो. आधी असा नव्हता हो तो.

कवडसा, तुम्ही त्या माणसाचा हात धरलात ना, आमच्या वेळी असा हात धरणारा कुणी नव्हता.

निशिगंध_७
गोधडीताई, काय बोलावं सुचत नाही. भावाला आमचा नमस्कार सांगा.

सोनचाफा
गोधडी, लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक भर. लाल वर्तुळ आणि 'चोर' हा शब्द बघणाऱ्याची आठवणसुद्धा बदलतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ मधला प्रयोग आहे. लोकांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. काहींना 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' असं विचारलं, काहींना 'गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा' असं. चित्रफीत तीच, पण दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, 'फुटलेली काच दिसली का?' चित्रफितीत काच नव्हतीच. तरी चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती 'दिसली' होती. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० मध्ये असे फक्त ७.

म्हणून काही पाहिलं असेल तर दुसऱ्या कुणाशी बोलायच्या आधी कागदावर लिहून काढा. तुमच्या इमारतीत पाच-सहा जण एकत्र बसून बघत होते, तिथेच गोची झाली. एक जण 'सापडला' म्हणाला की बाकीच्यांचे डोळे वेगळं बघायला तयार होत नाहीत.

तिरकीरेघ
निवृत्त आहे, तपासात बरीच वर्षं काढली. माझे चार शब्द.

लोकांची मदत नसेल तर तपास निम्मा लंगडा. कुणीतरी पाहिलेलं असतं, ऐकलेलं असतं, ते आमच्यापर्यंत आलं की दोरा हाती लागतो. पण येणाऱ्या माहितीत 'पाहिलं' आणि 'वाटलं' यांची खिचडी झालेली असते. 'पळून जाणारा चोर पाहिला' असं लोक सांगतात. खोदून विचारलं की कळतं, त्यांनी धावणारा माणूस पाहिला होता. चोर त्यांनी ठरवला. आम्हाला फक्त धावणारा माणूस हवा असतो. किती वाजता, कुठून कुठे, तुम्ही कुठे उभे होता, उजेड किती होता.

माहितीचा पूर आला तर तपास बुडतो, हेही लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून होत होते. १९७९ मध्ये 'मीच तो' म्हणणारी एक ध्वनिफीत आली. ती खोटी होती. पण आवाज ऐकवल्यावर लोकांच्या सूचनांचा लोंढा सुरू झाला, आणि फितीतल्या आवाजाच्या बोलीचा जो नसेल त्याच्यावरचा संशय कमी झाला. खरा खुनी पीटर सटक्लिफ याची तोवर आणि नंतर मिळून नऊ वेळा चौकशी होऊनही तो सुटत राहिला. सगळी माहिती हाताने लिहिलेल्या कार्डांवर, एक कार्ड दुसऱ्याशी जुळवणार कोण? १९८१ मध्ये तो सापडला तो गस्तीवरच्या पोलिसांनी गाडीचा नंबर तपासला म्हणून. खोटी ध्वनिफीत करणारा २००६ मध्ये डीएनएमुळे गजाआड गेला. या अनुभवानंतर तिकडे माहिती जुळवणारी संगणक यंत्रणा आली. तिच्या नावाचं लघुरूप 'होम्स' होतं.

बाभूळबन
म्हणजे शेवटी पोलिसांना होम्सच लागला! 😄
तिरकीरेघ काका, असेच लिहीत राहा.

शब्दवेडा
काका, दंडवत.

डीएनएचा विषय निघालाच आहे तर बार्बरा रे-व्हेंटर यांचं नाव घ्यायलाच हवं. पेटंटच्या वकील, निवृत्तीनंतर वंशावळी जुळवायचा नाद लागला. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत खून आणि बलात्कार करत फिरलेल्या 'गोल्डन स्टेट किलर'चा डीएनए होता, माणूस सापडत नव्हता. लोक आपले पूर्वज शोधायला स्वतःचा डीएनए टाकतात अशा 'जेडमॅच' नावाच्या साठ्यात शोध घेतला. दूरचे नातेवाईक निघाले. मग त्यांच्या खापरपणजोबांपासून खाली येत एकेक फांदी तपासली. एप्रिल २०१८ मध्ये जोसेफ डीअँजेलो पकडला गेला. माजी पोलीस निघाला! २०२० मध्ये त्याने १३ खुनांची कबुली दिली. नातलगांची झाडं काढायच्या छंदातून एवढं घडलं.

सोनचाफा
शब्दवेडा, कौतुक आहेच. पण ज्यांनी हौसेने डीएनए दिला त्यांना तो पोलीस तपासात वापरला जाईल याची कल्पना होती का? त्यावर पुष्कळ वाद झाला. २०१९ मध्ये जेडमॅचने नियम बदलला, आपण होऊन 'हो' म्हटलं तरच पोलिसांच्या शोधात ती माहिती येईल असं तेव्हा ठरवलं. मला हा बदल रास्त वाटतो. मदत ही आपण होऊन केलेली असावी.

उंबरठा
+१. आणि आपण होऊन मदत करणं किती जड जातं हे बघायचं तर कॅझिन्स्की कुटुंबाकडे बघा. टपालाने बॉम्ब पाठवणारा 'युनाबॉम्बर' एफबीआयला सतरा वर्षं सापडला नव्हता. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याचा सुमारे ३५,००० शब्दांचा जाहीरनामा वर्तमानपत्रात छापला गेला. त्याआधीच लिंडा पॅट्रिक यांना शंका आली होती की हे आपल्या दिराचे विचार वाटतात. त्या दिराला कधी भेटल्याही नव्हत्या! त्यांनी नवऱ्याला, डेव्हिडला, वाचायला लावलं. डेव्हिडने भावाची जुनी पत्रं काढली आणि शब्दांच्या लकबी जुळत गेल्या. सख्ख्या भावाचं नाव पोलिसांना द्यायचं, तेही त्याला फाशी होऊ शकते हे माहीत असताना. त्याने दिलं, गाजावाजा न करता, वकिलामार्फत. एप्रिल १९९६ मध्ये टेड कॅझिन्स्की पकडला गेला. डेव्हिड पुढे भावाचा जीव वाचावा म्हणूनही झटला.

आडवाट
हे माहीत नव्हतं. वाचून शांत बसलो थोडा वेळ.

निशिगंध_७
मला खून-बिन झेपत नाही. घरबसल्या, कुणाचं वाटोळं न करता करता येईल असं काही आहे का?

बाभूळबन
आहे. मी स्वतः करते. युरोपोलने, म्हणजे युरोपीय देशांच्या सामाईक पोलीस संस्थेने, २०१७ मध्ये 'ट्रेस अॅन ऑब्जेक्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांवरच्या अत्याचाराच्या चित्रांतून मुलं आणि माणसं पूर्ण काढून टाकतात आणि मागची एखादीच वस्तू दाखवतात. एखादी पिशवी, पडद्याची नक्षी, बाटलीवरचं लेबल. ही वस्तू कुठल्या देशातली, कुठे विकली जाते, एवढंच विचारतात. ओळखली तर नाव न देताही कळवता येतं. यातून मुलं सापडली आहेत.

मी महिन्यातून एकदा बसते. बहुतेक वेळा काहीच ओळखू येत नाही. एकदा एका चादरीच्या काठावरची वीण दिसली आणि ती यंत्राची आहे, हाताची नाही, एवढं मला सांगता आलं. तेवढंच कळवलं. पुढे काय झालं ते कळत नाही, कळायला नकोच. पण ती चादर बघताना हात थरथरत होते माझे. त्या खोलीत एक मूल होतं.

निशिगंध_७
आज रात्रीच बसते.

पाऊलवाट
उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला. मी कॅमेरे बसवायचं काम करतो. कवडसा, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली आणि ती कुणीच विचारली नाही.

तळघरातला आणि फाटकावरचा कॅमेरा एकाच रेकॉर्डरला जोडलेत का? नसतील तर दोन्हींची घड्याळं जुळतात का? मी बघितलेल्या जुन्या रेकॉर्डरपैकी कितीतरींची वेळ चुकलेली असते. वीज जाते, आतली बॅटरी मरते, घड्याळ भरकटतं.

असं करा. रेकॉर्डरच्या पडद्यावर चालू चित्र लावा, शेजारी मोबाईलवरची वेळ धरा, दोन्ही एकाच फोटोत घ्या. दोन्ही ठिकाणी. फरक लिहून ठेवा. आणि घड्याळ दुरुस्त करू नका! आधी मूळ चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पडद्याचं मोबाईलने केलेलं चित्रण नको, चॅटवरून पाठवलेलं तर नकोच, त्यात चित्र दाबलं जातं आणि सोबतची माहिती गळते. आणि उशीर करू नका. डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं, मग कुणालाच काही मिळणार नाही.

तिरकीरेघ
पाऊलवाट, शाबास. मीही तेच विचारायला हवं होतं. यंत्राला हात लावताना सोबत पदाधिकारी असू द्या, कुणी कधी उतरवलं ते लिहा, सही घ्या. पुढे कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो.

कवडसा
पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच खाली गेलो. रेकॉर्डर दोन आहेत, वेगवेगळे. सचिवांना सोबत घेतलं.

तळघराचं घड्याळ बरोबर आहे, मिनिटभराचाही फरक नाही. फाटकावरचं घड्याळ ५२ मिनिटं पुढे आहे.

मी दोनदा मोजलं, मग पायरीवर बसलो. तो टोपीवाला माणूस २ वाजून १२ मिनिटांनी गेलाच नव्हता. तो गेला १ वाजून २० मिनिटांनी. आणि २ वाजून ५ मिनिटांनी तळघरात त्या मुलीची सायकल जागेवर उभी आहे, स्पष्ट दिसते. ज्या सायकलवरून तो गेला ती त्याची स्वतःची होती. आज सकाळी कळलं तो कोण ते. तिसऱ्या मजल्यावर एका आजारी आजोबांकडे रात्री बसायला येणारा मुलगा. त्या रात्री त्याची पाळी लवकर संपली होती.

लाल वर्तुळवाल्या मित्राला हे सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने माझ्यासमोर ते चित्र फोनमधून काढून टाकलं आणि ज्या दोघांना पाठवलं होतं त्यांना स्वतः फोन केले. गोधडीताई, तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला होता.

गोधडी
आईला हे सगळं वाचून दाखवलं. त्या मित्राला सांगा, दोन फोन केलेत त्याने, ते फार मोठं काम आहे.

आडवाट
कवडसा, म्हणजे खरी वेळ धरली तर फाटकाच्या कॅमेऱ्यात २ वाजून ५७ ते ३ वाजून १२ या दरम्यान बघायला हवं! बघितलंत का? काय दिसलं?

कवडसा
बघितलं. आम्ही दोघांनी वेगवेगळं बघितलं, एकमेकांशी न बोलता कागदावर लिहिलं, सोनचाफांनी सांगितलं तसं. 'वाटलं' काहीच लिहिलं नाही, फक्त 'पाहिलं'. ते दोन कागद, पेनड्राइव्ह आणि घड्याळांचे फोटो आज दुपारी पोलीस ठाण्यात दिले. तपास अधिकाऱ्यांनी ५२ मिनिटांचा आकडा दोनदा विचारला आणि लिहून घेतला.

काय दिसलं ते इथे लिहीत नाही, आडवाट. समजून घ्याल.

आडवाट
समजलो. नका लिहू.